मुलांच्या उत्तरांना जागा

प्राथमिक शाळेतल्या चित्रकलेच्या वह्या चाळल्या, तर महाराष्ट्रात कुठंही गेलं तरी एक चित्र हमखास भेटतं. दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून रुंद होत येणारी नदी, काठावर उतरत्या छपराचं घर, शेजारी नारळाचं झाड. ज्याच्या गावात डोंगर नाही, जिथल्या नदीला वर्षातले आठ महिने पाणी नाही आणि ज्यानं नारळाचं झाड पुस्तकातच पाहिलंय, असं मराठवाड्यातलं मूलही हेच चित्र काढतं. त्याच्या दारात लिंब असतो, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले पत्रे असतात, टँकर आला की हंडे घेऊन धावणारी माणसं असतात. यातलं काहीच वहीत येत नाही. मुलाची नजर अधू नसते. ‘चित्र’ म्हणजे ते डोंगराचं, हे त्याच्या मनावर इतकं ठसलेलं असतं की स्वतःचं अंगण चित्रात घालता येतं, हेच त्याला सुचत नाही.

निबंधाचीही तीच गत. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर तिसरीच्या वर्गातल्या सगळ्या वह्यांत मोर नाचतो आणि बेडूक डराव डराव करतो. शाळेच्या वाटेवरचा ओढा भरला म्हणून चार दिवस घरी बसलेली मुलगीही मोरच लिहिते, कारण गाईडमध्ये मोर असतो आणि मोराला गुण मिळतात.

शाळेत येण्यापूर्वी हीच मुलं दिवसभर प्रश्न विचारत होती, काठीचा घोडा करत होती, शब्द मोडून नवे शब्द घडवत होती. मग दोन-तीन वर्षांत असं काय घडतं, की स्वतःचं उत्तर देण्याऐवजी ती बाईंच्या मनातलं उत्तर ओळखू पाहतात? हे पुस्तक या प्रश्नातून उभं राहिलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं: सर्जनशील विचार हा वेळापत्रकातला वेगळा तास नाही. भाषा, गणित, परिसर अभ्यास यांच्या रोजच्याच तासांत तो वाढतो किंवा खुरटतो. मुलाकडून अनपेक्षित उत्तर आलं की शिक्षक त्याचं काय करतो, यावर ते ठरतं.

सर्जनशीलता म्हटलं की आपल्याला कवी, चित्रकार, शास्त्रज्ञ आठवतात आणि ती दैवी देणगी आहे असं मानून आपण मोकळे होतो. मानसशास्त्रातही बराच काळ या विषयाकडे दुर्लक्ष झालं होतं. १९५० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष जे. पी. गिलफर्ड यांनी आपल्या अध्यक्षीय भाषणात ते बोलून दाखवलं आणि त्यानंतर या अभ्यासाला वेग आला. एकाच बरोबर उत्तराकडे नेणारा तो अभिसारी विचार आणि एका प्रश्नातून अनेक वाटा काढणारा तो अपसारी विचार, असा भेद त्यांनी मांडला. विटेचे किती उपयोग करता येतील, यासारखे साधे प्रश्न ते विचारत. उत्तरं किती सुचली, ती किती वेगवेगळ्या प्रकारची आहेत, इतरांना न सुचलेलं त्यात काही आहे का, आणि सुचलेली कल्पना तपशिलानं फुलवता येते का, अशा अंगांनी ती तपासली जात. पुढं ई. पॉल टॉरन्स यांनी याच धर्तीवर चाचण्या तयार केल्या. शिक्षकाच्या दृष्टीनं यातला महत्त्वाचा भाग असा, की ही सगळी अंगं सरावानं वाढतात. ती चार-दोन हुशार मुलांची मिरासदारी नाही.

गिलफर्ड यांच्या भाषणाच्या वीस वर्षं आधी, १९३० साली, रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी बालपणातल्या कल्पनाशक्तीवर लिहिताना एक मुद्दा मांडला होता. आपल्याकडच्या चर्चेत तो हटकून निसटतो. कल्पना हवेतून येत नाही. पाहिलेल्या, ऐकलेल्या, हाताळलेल्या गोष्टींची ती नवी जुळणी असते, म्हणून अनुभव जितका श्रीमंत तितकी कल्पना समर्थ. मुलांना कोरा कागद देऊन ‘काहीही काढा’ म्हणणं म्हणजे सर्जनशील शिक्षण, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. पण ‘काहीही काढा’ म्हटलं की ते दोन डोंगरच येतात. तेच मुलांना लिंबाखाली नेलं, सालीवरून हात फिरवायला सांगितला, मुंग्यांची रांग कुठून कुठं जाते ते पाहायला सांगितलं आणि मग कागद दिला, की तीस कागदांवर तीस लिंब येतात. स्वातंत्र्याइतकाच अनुभवही द्यावा लागतो, आणि तो देणं हे शिक्षकाचं काम आहे.

हा विचार आपल्याकडे परदेशी पुस्तकांतून आला, असं समजायचं कारण नाही. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्याच दिवशी त्याचे बेत फसतात, आणि मग तो गोष्टींकडे वळतो. गोष्टींतून वाचन, वाचनातून भाषा, खेळांतून शिस्त अशी त्याची वाट जाते. आजही शिक्षकांच्या बैठकीत हे पुस्तक वाचलं की प्रत्येकाला त्यात आपला वर्ग दिसतो, आणि शंकेखोर साहेबही दिसतात.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे काम महाराष्ट्रात आणलं. १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढं दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. थोडी मोठी मुलं गुरांमागं जातात म्हणून शाळा कुरणात नेली. माँटेसोरीबाईंची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांमागचं तत्त्व ठेवलं आणि बिया, पानं, शिंपले, खडे, बांबू यांतून साधनं तयार केली. मुलाच्या परिसरातली वस्तू वर्गात आली की त्याला माहीत असलेलं ज्ञानही तिच्याबरोबर वर्गात येतं. कुठलं पान कुठल्या झाडाचं, हे वारली मुलाला शिक्षिकेपेक्षा जास्त ठाऊक असतं. ज्या वर्गात मुलाला काहीतरी ठाऊक आहे हे मान्य होतं, त्या वर्गात ते विचार मांडायला धजावतं.

१९८५ साली लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत रोजच्या अभ्यासातूनच सर्जनाचा आनंद देता येतो हे दाखवलं. आपले प्रयोग त्यांनी लिहूनही ठेवले, म्हणून ते इतरांना वापरता आले. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून अभियंता झाले, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाशी जोडले गेले आणि पुढं पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी बनवून दाखवली.

त्यांतलं एक इथं जवळून पाहू. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या, एवढंच साहित्य. ट्यूबच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसल्या की लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबून पाहा, तो आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, बोट लावताच तो कलतो. आता मुलांना एवढंच विचारायचं: चौकोन उभा राहावा म्हणून काय कराल? कुणी जाड काड्या मागतं, कुणी सांधे दोऱ्यानं बांधतं, कुणी काड्या दुहेरी करतं. प्रत्येक युक्ती करून पाहायची, कुठं फसली ते सांगायचं. केव्हातरी एखादं मूल कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी काडी घालतं आणि चौकोन घट्ट होतो. मग वर पाहायला सांगायचं. शाळेच्या पत्र्याखालच्या कैचीत तेच त्रिकोण असतात. रोज डोक्यावर असलेली गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा दिसते. ‘त्रिकोण दृढ असतो’ हे वाक्य फळ्यावर लिहून द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मग फसलेल्या तीन युक्त्या घडल्या नसत्या, आणि विचार करायला मूल शिकतं ते त्या युक्त्यांतच.

गणितात सर्जनशीलतेला वाव नसतो, असं पुष्कळ शिक्षक मानतात. त्यांना एक छोटा बदल करून पाहायला मी नेहमी सुचवते. ‘सात अधिक पाच किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे. तो उलटा करा: ‘उत्तर बारा येईल असं काहीतरी सांगा.’ तिसरीच्या एका वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा आधी सहा अधिक सहा, पंधरा वजा तीन, चार त्रिक अशी उत्तरं आली. मग कुणी घड्याळ म्हणालं, कुणी वर्षाचे महिने. मागच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, “आमच्या दोन शेळ्या आणि दोन कोंबड्या, त्यांचे पाय.” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर शेळ्या आणि कोंबड्या काढल्या, पाय मोजून घेतले आणि विचारलं, “पाय बाराच राहिले पाहिजेत, पण जनावरं बदलली तर?” मुलं वहीत चित्रं काढू लागली. तीन शेळ्या. सहा कोंबड्या. एक शेळी आणि चार कोंबड्या. आणखी एखादी जोडी आहे का, यावर वाद झाला. तेव्हा तीच मुलगी उठून म्हणाली, “एक शेळी कमी केली की दोन कोंबड्या वाढतात, म्हणजे एवढ्याच.” हे बीजगणित आहे, आणि ते तिसरीतल्या मुलीच्या तोंडून तिच्या गोठ्याच्या आधारानं आलं. वर्ग हसला त्या क्षणी बाईंनी “नीट उत्तर दे” म्हटलं असतं, तर ते तिथंच संपलं असतं.

बाईंनी इथं केलेल्या गोष्टी कुठल्याही शिक्षकाला शिकता येतील. त्यांनी अनेक उत्तरं असलेला प्रश्न विचारला. उत्तराची वाट पाहिली. वेगळं उत्तर आलं तेव्हा ते फळ्यावर घेतलं. त्यातून पुढचा प्रश्न काढला. आणि शेवटी “असं का?” याचं कारण मुलांकडून येऊ दिलं. या पुस्तकातले सगळे उपक्रम, विषय कुठलाही असो, याच पायऱ्यांवर उभे आहेत.

यातल्या वाट पाहण्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण त्याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही, वरिष्ठांची परवानगीही लागत नाही. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातल्या संवादांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला उठवतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली आणि मुलांकडूनही प्रश्न येऊ लागले. एका सेकंदात आठवतं ते फक्त पाठ केलेलं. विचार करायचा तर वेळ हवा, आणि हा वेळ मनात आकडे मोजून कुठल्याही शिक्षकाला देता येतो.

मुलाच्या उत्तराला वेळेइतकीच भाषेतही जागा लागते. मूल घरी ज्या भाषेत विचार करतं, ती शाळेत चालत नाही असं कळलं की ते विचार घरी ठेवून येतं. नंदुरबारला पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, खानदेशात अहिराणी बोलणारी मुलं पहिलीत येतात तेव्हा प्रमाण मराठी हीच त्यांच्यासाठी नव्यानं शिकायची भाषा असते. अशा वर्गात सर्जनशीलतेचं पहिलं पाऊल म्हणजे त्यांचा शब्द फळ्यावर लिहिणं. न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवताना रोज प्रत्येक मुलाला विचारत, आज तुला कोणता शब्द हवा? मुलानं मागितलेला शब्द त्या कार्डावर लिहून देत, आणि मूल त्यावरूनच वाचायला शिकत असे. भीतीचे, प्रेमाचे, घरातल्या माणसांचे असे ते शब्द एकदा पाहूनच लक्षात राहत. आपल्याकडे हा प्रयोग केला तर मुलं साप मागतात, आजी मागतात, ट्रॅक्टर मागतात, कारखान्यावर गेलेली आई मागतात. या शब्दांतून मुलांची स्वतःची वाचनाची पुस्तिका तयार होते, आणि त्यात मोर नाचलाच, तर तो खरोखर पाहिलेला असतो.

या सगळ्यावर शिक्षकांचे आक्षेप असतात, आणि ते गांभीर्यानं घ्यायला हवेत. शाळा द्विशिक्षकी, एका खोलीत दोन इयत्ता, त्यात पोषण आहार, माहित्या, ऑनलाइन नोंदी. अभ्यासक्रम संपणार कधी? ही अडचण खरी आहे आणि शिक्षकाला अशैक्षणिक कामातून सोडवणं ही शासनाची जबाबदारी आहे. तरीही बहुवर्गातच अशी पद्धत उपयोगी पडते असा अनुभव आहे. ‘उत्तर बारा’ हा प्रश्न पहिलीलाही देता येतो आणि चौथीलाही. पहिलीतलं मूल बेरजा करतं, चौथीतलं अपूर्णांकापर्यंत जातं, आणि दोघं एकमेकांचं ऐकतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. जिथं मुलांना धड वाचता येत नाही, तिथं सर्जनशीलतेचे लाड कशाला? आधी पाया पक्का करा, मग बाकीचं. पाया पक्का हवा, याबद्दल दुमत नाही. पाढे पाठ हवेत, अक्षरं अडखळल्याशिवाय वाचता यायला हवीत, आणि त्यासाठी सराव लागतो. उपक्रमांच्या नावाखाली सराव टाळणाऱ्या वर्गातली मुलं दोन्हीकडून वंचित राहतात. पण ‘आधी’ आणि ‘मग’ ही विभागणी चुकीची आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं वाचन-लेखनाच्या पायाभूत शिक्षणावर वर्षानुवर्षं काम केलं. ते पाहिलं की उमगतं: मुलाला आपलं काहीतरी सांगायचं असतं तेव्हाच लिहिणं अर्थपूर्ण होतं. ज्याला अर्थ असतो त्याचा सराव मूल कंटाळा न करता करतं. पाया आणि कल्पना ही एकाच तासाची दोन कामं आहेत. आणि ज्या मुलांच्या घरी पुस्तकं नाहीत, त्यांच्या वाट्याला फक्त घोकंपट्टी ठेवायची आणि कल्पना करायचा हक्क महागड्या शाळांतल्या मुलांना द्यायचा, हा सरळसरळ अन्याय आहे.

धोरण आणि कायदाही याच बाजूचे आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडायला आणि घोकंपट्टीपासून दूर जायला सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध आणि भयमुक्त वातावरण यांतून शिकणं लिहिलेलं आहे, तसंच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही. त्यातूनच महाराष्ट्रात वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम होती. पण तयार नोंदींच्या पुस्तिका आणि पीडीएफ फिरू लागल्या, आणि ‘गणितात रुची घेतो’, ‘उपक्रमात सहभागी होतो’ ही वाक्यं मुलामुलांच्या नावापुढं उतरवली जाऊ लागली. मुलांनी गाईडमधून निबंध उतरवू नये असं वाटत असेल, तर आपणही नोंदी उतरवून चालणार नाही. ‘शेळी आणि कोंबड्यांच्या पायांतला नियम स्वतः शोधून वर्गाला सांगितला’ ही एक ओळ त्या मुलीबद्दल जे सांगते, ते कुठल्याही श्रेणीत मावत नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक उपक्रमानंतर काय पाहावं आणि काय टिपावं, हे दिलं आहे.

पुस्तकाची रचना सोपी आहे. पहिला भाग प्रश्नांचा: बंद प्रश्न मोकळे कसे करायचे आणि उत्तरांचं काय करायचं. दुसऱ्या भागात भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि चित्र यांतले उपक्रम आहेत. त्यांना लागणारं साहित्य खेड्यातल्या किराणा दुकानात किंवा शाळेच्या आवारात मिळतं. तिसरा भाग नोंदींचा आणि पालकांशी बोलण्याचा. ‘पोरं शाळेत नुसती खेळतात’ म्हणणाऱ्या पालकांना एकदा वर्गात बसवून घ्यावं. आपलं मूल काय बोलतं हे ऐकल्यावर त्यांचं मत बदलतं.

एक विनंती. यातले उपक्रम जसेच्या तसे उचलू नका. शेळ्या-कोंबड्यांच्या जागी कोळीवाड्यात होड्या आणि वल्ही येतील, पुण्या-मुंबईत रिक्षाची आणि सायकलची चाकं येतील. शिक्षकानं स्वतः विचार केल्याशिवाय मुलांकडून विचाराची अपेक्षा करता येत नाही. जो शिक्षक वरून आलेला उपक्रम निमूटपणे राबवतो, तो मुलांना निमूटपणाच शिकवतो. म्हणून मोडतोड करा, फसलेलं वहीत लिहा, केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते मोकळेपणानं मांडा.

सुरुवातीला पुस्तक पूर्ण वाचण्याची गरज नाही. उद्याच्या पहिल्या तासाला एक प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठरवून ठेवता येणार नाही. तीन सेकंद थांबा. जे उत्तर येईल ते, कितीही वेडंवाकडं वाटलं तरी, मुलाच्या नावासकट फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा, असं का असेल? पुढचा उपक्रम कोणता घ्यायचा, हे तुमची मुलंच तुम्हाला सांगतील.